पडक्या नॉन-लीग ग्राउंडवर अवे मॅचला जायचंय? मग हे वाचून निघा

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगपासून लीग टूपर्यंतच्या चार डिव्हिजन सोडल्या की खाली जे काही आहे ते सगळं नॉन-लीग. पाचव्या लेव्हलला नॅशनल लीग, मग नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ, मग नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन आणि त्याच्याही खाली बरंच काही. तुमची टीम यातल्या कुठल्याही लीगमध्ये असेल तर सीझनमध्ये अवे मॅचला, म्हणजे समोरच्या टीमच्या घरी, एखादं तरी असं ग्राउंड नशिबात येतंच, पत्रा गंजलेला, टेरेसच्या, म्हणजे उभं राहून मॅच बघायच्या, पायऱ्यांवर शेवाळ, एका बाजूला तर स्टँडच नाही. तिथे स्टेडियम बघायला म्हणून गेलात तर नुसते वैतागाल, मॅच बघायला गेलात तर मजा आहे, कारण लाइन्समनच्या मागे चार पावलांवर उभं राहून फुटबॉल बघायला वरच्या लीगमध्ये कोणी देत नाही.

सगळ्यात आधी मॅच होणार आहे का ते बघा. हिवाळ्यात पिचवर पाणी साचलं किंवा पिच गोठलं की रेफ्री सकाळी येऊन इन्स्पेक्शन करतो आणि मॅच पुढे ढकलतात, कधीकधी तर लोक अर्ध्या वाटेत असताना. होम क्लबचं एक्स अकाउंट उठल्या उठल्या बघायचं, निघताना बघायचं, ट्रेन बदलताना परत बघायचं. आर्टिफिशियल ३जी पिच (नकली गवताचं) असेल तर ही कटकट बरीच कमी. नॉन-लीगमध्ये असलं पिच चालतं पण वर ईएफएलमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन डिव्हिजनमध्ये, चालत नाही, म्हणून तर २०२१ मध्ये सटन युनायटेड प्रमोट होऊन लीग टूमध्ये गेले तेव्हा त्यांना स्वतःचं चांगलं चाललेलं पिच उखडून गवत लावावं लागलं.

प्रवासाचं म्हणाल तर सपोर्टर्स कोच, म्हणजे फॅन्सची बस, असेल तर डोळे झाकून ती घ्या. ट्रेनने जाणार असाल तर शनिवारी लाइनवर काम चालू आहे का ते आदल्या दिवशी चेक करा, नाहीतर ट्रेनऐवजी बसमध्ये बसून निम्मी काउंटी फिरून याल. मंगळवार-बुधवारच्या मॅचला जास्त जपायचं, कारण किकऑफ साधारण पावणेआठला म्हणजे संपायला साडेनऊ होऊन जातात, कप मॅच असेल तर वर पेनल्टीचाही वेळ धरा, आणि छोट्या गावातून शेवटची ट्रेन तुमच्यासाठी थांबत नाही. आणि नुसता पोस्टकोड टाकून जाऊ नका, तो बऱ्याचदा मागच्या गल्लीतल्या कुंपणापाशी नेऊन सोडतो. क्लबच्या वेबसाइटवर गेट कुठल्या रस्त्यावर आहे ते लिहिलेलं असतं. तरी नाहीच सापडलं तर मान वर करून फ्लडलाइटचे खांब शोधा.

तिकीट बहुतेक ठिकाणी टर्नस्टाईलवरच (आत जायच्या फिरत्या गेटवर) मिळतं. सातव्या-आठव्या लेव्हलला १० ते १५ पाउंड, नॅशनल लीगमध्ये २० च्या आसपास किंवा वर. स्टुडंट असाल तर आयडी दाखवून कन्सेशन मागा, लाजू नका. कार्ड आता बरेच जण घेतात पण मशीन अडून बसलं की झालं, शिवाय प्रोग्राम (मॅचची पुस्तिका) आणि रॅफलवाल्याला (लॉटरीवाल्याला) सुट्टेच लागतात, म्हणून पाच-दहाच्या नोटा आणि नाणी खिशात असू द्या.

कपड्यांच्या बाबतीत एकच सांगतो, पाय. सगळे जॅकेटचा विचार करतात आणि पातळ बुटात येतात, आणि काँक्रीटच्या टेरेसवर दोन तास उभं राहिलं की थंडी तळव्यातून वर चढते. डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे तीनची मॅच असेल तर अख्खा सेकंड हाफ फ्लडलाइटखाली आणि गारठ्यात. जाड मोजे, पाणी आत न जाणारे बूट, टोपी. छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही आणि मग जे ऐकावं लागतं ते बरोबरच असतं. छप्पर असलं म्हणून कोरडे राहाल असंही नाही, पत्रे गळतात. पाऊस पडत असेल तर आधी खाली जमिनीकडे बघा, काँक्रीट कुठे कोरडं आहे ते बघून मग जागा धरा. होमवाल्या म्हाताऱ्यांना हे सगळं पाठ असतं, ते जिथे घोळका करून उभे असतील तिथे पाणी पडत नाही असं समजायचं.

आता जरा सिरियस. जुनी ग्राउंड म्हणजे काही ठिकाणी अजून लाकडी स्टँड. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड ग्राउंडवर लाकडी स्टँडला आग लागली, फळ्यांच्या खाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ माणसं गेली. त्यानंतर कायदा आला आणि ५०० किंवा जास्त लोक मावतील अशा छपराच्या स्टँडला सेफ्टी सर्टिफिकेट लागू लागलं. त्यामुळे स्टँडमध्ये सिगरेट नको म्हटलं की नको, बसल्या बसल्या बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे ते एकदा बघून ठेवा. टेप लावून बंद केलेला भाग असेल तर तिथून मस्त दिसतं म्हणून घुसू नका. गंजलेल्या रेलिंगवर बसू नका. आणि गोल झाला तरी शेवाळलेल्या पायरीवर उड्या नकोत, उड्या मारायच्याच असतील तर सपाटीवर मारा.

उभं कुठे राहायचं? या लेव्हलला बहुतेक मॅचना होम आणि अवे सपोर्टर वेगळे ठेवत नाहीत. त्यामुळे पद्धत अशी की आपली टीम ज्या गोलवर अटॅक करतेय त्याच्या मागे उभं राहायचं आणि हाफटाइमला सगळा लवाजमा घेऊन दुसऱ्या टोकाला जायचं. समोरून होमवाले येत असतात, मधेच गाठ पडते, दोन टोमणे होतात, बस. नॅशनल लीगमध्ये किंवा गरम डर्बीला (शेजारच्या दोन टीमच्या मॅचला) मात्र अवे फॅनना वेगळा कोपरा देतात, ते आधी विचारून घ्या. काही ग्राउंडना एक अख्खी बाजूच नसते. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीला मरीन क्लबच्या ग्राउंडची एक बाजू सरळ लोकांच्या परसबागांना लागून आहे, जानेवारी २०२१ मध्ये प्रीमियर लीगमधलं टॉटनहॅम तिथे एफए कप खेळायला आलं तेव्हा शेजाऱ्यांनी कुंपणावरून मॅच बघितली.

बिअरचा नियम लक्षात ठेवा. १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच लेव्हलला पिच दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, म्हणजे नॅशनल लीगमध्ये बारमध्येच संपवायची. सहाव्या लेव्हलपासून खाली प्लास्टिकचा ग्लास हातात घेऊन टेरेसवर उभं राहता येतं, पण क्लबने नाही म्हटलं तर नाही.

खाणं म्हणजे टी बार. चहा, चिप्स, पाय (pie, सारण भरून भाजलेला), बर्गर, आणि बोव्हरिल नावाचं गरम पेय. आपल्यापैकी बरेच जण गरम काहीतरी दिसतंय म्हणून बोव्हरिल घेतात, तर ते बीफचं असतं, खात नसाल तर लांब राहा. व्हेज असाल तर चीज अँड अनियन पाय आहे का विचारा, आणि चिप्स कशात तळतात तेही विचारा, यॉर्कशरकडे गुरांच्या चरबीत तळायची पद्धत अजून आहे. लाइनमध्ये ४० व्या मिनिटाला लागा, हाफटाइमला लागलात तर सेकंड हाफची पहिली दहा मिनिटं चहाची वाट बघण्यात जातील. टॉयलेटबद्दल जास्त लिहीत नाही. स्टेशनवर जाऊन या, टिश्यू बरोबर ठेवा.

ओरडताना एक लक्षात घ्या, ३०० लोकांच्या गर्दीत तुमचा प्रत्येक शब्द गोलकीपरला ऐकू जातो आणि तो उलट उत्तरही देतो. हा अर्धा गमतीचा भाग आहे. त्याच्या किकवर, केसांवर बोला, पण आईबहीण, रंग, घरचे लोक यात जाऊ नका, शेजारी आठ वर्षांचं पोरगं उभं असतं.

आणि ग्राउंडला नावं ठेवायची तर परतीच्या कोचमध्ये ठेवा. टर्नस्टाईलवरचा, चहा देणारी, बॉल आणायला पळणारा हे बहुतेक सगळे फुकट काम करतात, पत्रा गंजलाय हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीये. बऱ्याच क्लबची जागा स्वतःची नसते, मग पैसा कोण लावणार. लंडनच्या डलविच हॅम्लेट क्लबला तर २०१८ मध्ये जमीनमालकाबरोबरच्या भांडणात त्यांच्या चॅम्पियन हिल ग्राउंडमधून बाहेर काढलं होतं, वर्षाच्या शेवटी परत येईपर्यंत ते टूटिंग अँड मिचमच्या ग्राउंडवर खेळले. त्यामुळे प्रोग्राम घ्या, ५०-५० चं (लॉटरीचं) तिकीट घ्या, तेवढीच त्यांना मदत.

मॅच संपल्यावर घाई नसेल तर क्लबहाऊसमध्ये जा, अवे स्कार्फ असला तरी सहसा कोणी काही म्हणत नाही, आणि तासाभरात दोन्हीकडचे प्लेयर तिथेच प्लेट घेऊन बसलेले दिसतात. टॅक्सी लागणार असेल तर मात्र हाफटाइमलाच बुक करून टाका, शनिवारी संध्याकाळी अशा गावात दोनच टॅक्स्या असतात आणि त्या दोन्ही कुठल्यातरी लग्नाला गेलेल्या असतात.