वर्गात आदिवासी साहित्य शिकवताना विचारायचा प्रश्न : कोण बोलतंय?

मराठीच्या वर्गात आदिवासी साहित्य शिकवायला घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. साठ मुलांमध्ये भिल्ल समाजातली एकच मुलगी होती. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तुमच्याकडे लग्नं कशी होतात, सांग बरं." ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि काही न बोलता खाली बसली. पुढचे चार तास ती आलीच नाही. बऱ्याच महिन्यांनी म्हणाली, "सर, मी शहरातच वाढले. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली."

नव्यानं शिकवायला लागलेल्यांना म्हणूनच हे सगळ्यात आधी सांगतो. कुठल्याही मुलाला अख्ख्या समाजाच्या वतीनं बोलायला उभं करू नका. बोलायचं काम पुस्तकाचं आहे. आपण फक्त योग्य पुस्तक समोर ठेवायचं.

दुसऱ्या वर्षी सुरुवात बदलली. 'आदिवासी' म्हटल्यावर जे मनात येईल ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, असं सांगितलं. जंगल, तारपा, नाच, भोळे, गरीब, वारली चित्रं. शिक्षक, नर्स, वकील असं एकाही चिठ्ठीत नव्हतं. मग फळ्यावर आकडा लिहिला : 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात, म्हणजे साधारण दर अकरा माणसांमागे एक. वर्ग गप्प झाला. मुलांच्या निबंधांत 'आदिवासी निसर्गाच्या सान्निध्यात राहत असत' असं भूतकाळी वाक्य हमखास येतं. ते लाल शाईनं खोडण्यापेक्षा हा आकडा दाखवणं जास्त कामाला येतं.

भाषेबद्दलही एक गैरसमज लवकर काढावा. 'त्यांची बोली' म्हणजे बिघडलेली मराठी, असं मुलं धरून चालतात. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा आहेत, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. एवढं कळलं तरी मुलांच्या बोलण्यातला 'अडाणी' हा शब्द आपोआप कमी होतो.

आता वाचायचं काय आणि कोणत्या क्रमानं. माझं मत ठाम आहे : आधी आदिवासी लेखकाचं, मग इतरांचं. मी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेपासून सुरू करतो. स्टेजवर इतर माणसं उभी आहेत, आणि आमचं दुःख आम्हालाच सांगतायत, असं ही कविता म्हणते. ती वाचल्यावर मुलांना एक प्रश्न मिळतो, 'कोण बोलतंय?', आणि तोच वर्षभर पुरतो. त्यानंतर गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' घेतो. 1945 च्या वारली उठावाची हकिकत उठाव उभा करणाऱ्या कार्यकर्तीनंच सांगितलेली आहे, जीव ओतून लिहिलेली आहे, आणि तरीही ती वारली बाईनं लिहिलेली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिल्या कवितेमुळे मुलांना ते पेलता येतं. क्रम उलटा केला, तर वर्गात नुसती कणव उरते, असा माझा अनुभव आहे.

तिसरा मजकूर सरकारी असावा. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. जन्मानंच गुन्हेगार ठरवणारी ती भाषा मुलांनी स्वतः वाचायला हवी. त्याच्याही आधी इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या दोन आदिवासी पुढाऱ्यांना, राघोजी भांगरे यांना 1848 साली ठाण्यात आणि बाबुराव शेडमाके यांना 1858 साली चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, फाशी दिली. अशा माणसांबद्दल त्या काळात कागद लिहिले ते मुख्यतः त्यांना पकडणाऱ्यांनी. कागद कोणाच्या हातात होता, हे एकदा कळलं की 'बंडखोर' या शब्दाजवळ मुलं आपणहून थांबतात.

छापील मजकुराबाहेरचंही आणा. कोकणा आणि वारली समाजात थाळीवर कथा गातात. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवतात आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढतात. जो घुमार निघतो तो संपतच नाही, आणि त्या घुमारावर गोष्ट चालते. हे ऐकवल्याशिवाय मौखिक परंपरेची व्याख्या लिहून देऊ नका. मात्र मुलांना मोबाईल घेऊन पाड्यावर गाणी गोळा करायला पाठवण्याआधी परवानगी, कोणती गाणी नोंदवू नयेत आणि नोंद परत कशी द्यायची, हे गाणाऱ्यांशी बोलून ठरवा. मी एकदा हे न करता मुलांना पाठवलं होतं. त्या आजीनं गाणं मध्येच थांबवलं, आणि तिचं बरोबर होतं.

लेखनाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. शाळेत आपण सगळ्यांनीच 'मी नदी बोलतेय', 'मी फाटकं पुस्तक बोलतोय' असे निबंध लिहिलेत. त्या सवयीनं मुलं लगेच 'मी आदिवासी मुलगा बोलतोय' लिहायला घेतात. हा प्रकार माझ्या वर्गात पूर्ण बंद आहे. नदीला बोलता येत नाही. माणसाला येतं, तो बोलतोही आहे. त्याऐवजी मी विचारतो : तुझ्या घराचा या इतिहासाशी काय संबंध आहे, ते लिही. जमीन, धरण, जंगल, नोकरी, काहीही.

त्यासाठी आम्ही 2006 च्या वन हक्क कायद्याची प्रस्तावना वाचली. जंगलात राहणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे तिथे कायद्यानंच मान्य केलं आहे. आठवड्यानं एका मुलानं दीड पान लिहून आणलं. त्याचे आजोबा वनरक्षक होते. घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या सात कुऱ्हाडी आहेत, त्यानं लहानपणापासून पाहिलेल्या. कुठून आल्या, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "जप्तीच्या आहेत. जमा करायच्या राहिल्या."

त्यानं एकेक कुऱ्हाड खाली काढून पाहिली होती. प्रत्येकीच्या दांड्यावर वेगळी खूण कोरलेली होती, ज्याची त्याला ओळखता यावी म्हणून. त्या सातही खुणा त्यानं पानाच्या समासात काढल्या होत्या.