जामीनदार म्हणून सही करण्याआधी, आणि वसुलीची नोटीस आल्यावर

आधी कर्जदाराची मालमत्ता विकतील, मग उरलंसुरलं आपल्याकडे मागतील, या भरवशावर बहुतेक जण जामीन राहतात. कायद्यात असा क्रम नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १२८नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक थेट त्याच्यावर दावा लावू शकते. वेगळं काही हवं असेल तर ते हमीपत्रातच लिहून घ्यावं लागतं.

त्यामुळे खरं काम सहीच्या आधीच करायचं असतं. कोऱ्या छापील फॉर्मवर सही करू नका. कर्जाची रक्कम अंकी-अक्षरी भरून घ्या आणि जबाबदारीची कमाल मर्यादा लिहा, उदाहरणार्थ ‘मुद्दल, व्याज व खर्च धरून एकूण ७ लाख रुपयांपर्यंत’. मग हे वाक्य शोधा: ‘जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाची रक्कम, मुदत वा व्याजदर बदलण्याचा बँकेस अधिकार राहील.’ कलम १३३ प्रमाणे परस्पर केलेल्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. या एका वाक्याने ते संरक्षण जातं, आणि न्यायालयं अशी अट मान्य करतात. ते खोडून ‘लेखी संमतीनेच’ असं घालायला सांगा. बँक तयार नसेल तर निदान रकमेची मर्यादा तरी सोडू नका. हमीपत्राची प्रत त्याच दिवशी घ्या.

कॅश क्रेडिटला, म्हणजे मर्यादेत हवे तेव्हा पैसे उचलता येणाऱ्या कर्जखात्याला, दिलेली हमी चालू हमी असते, म्हणजे ती एकामागून एक होणाऱ्या उचलींना लागू राहते. कलम १३०खाली लेखी नोटीस देऊन ती पुढच्या उचलीपुरती मागे घेता येते, आधीची बाकी मात्र डोक्यावर राहते. हा हक्कही हमीपत्रात सोडून दिलेला नाही ना, तेवढं बघा.

सही केलेला कोरा चेक तर देऊच नका. तो वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८चा फौजदारी खटला जामीनदारावरही चालतो. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या संचालकांनी ध्यानात ठेवावं की नुसत्या राजीनाम्याने हमी संपत नाही, आणि दिवाळखोरी संहितेखाली कंपनीची कर्जं निकाली काढण्याचा आराखडा मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

महाराष्ट्रात पतसंस्थेचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुली दाखल्याचा, म्हणजे थकबाकी वसूल करण्याच्या अधिकृत आदेशाचा, अर्ज होतो. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाची नोटीस आली की ‘कर्ज माझं नाही’ म्हणून घरी बसू नका. तारखेला हजर राहा, खातेउतारा आणि हमीपत्राची प्रत मागा, दंडव्याज तपासा, मर्यादेबाहेरच्या रकमेला लेखी हरकत घ्या. एकदा दाखला निघाला की पुनरीक्षण अर्जासाठी (दाखल्याची वरिष्ठांकडून फेरतपासणी मागण्यासाठी) येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. इथेच बरेच जामीनदार अडकतात.

पैसे भरावे लागले तर पावती आपल्या नावाची घ्या, ‘जामीनदार म्हणून भरणा’ असा शेरा मारून. पूर्ण येणं फेडल्यावर करार अधिनियमाच्या कलम १४० व १४१ने संस्थेकडचं तारण वापरण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. कलम १४५ने रक्कम कर्जदाराकडून, तर कलम १४६ने सहजामीनदारांकडून त्यांचा समान वाटा मागता येतो. कर्जदारावरच्या दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून ३ वर्षं.