नागपंचमीची पुरणाची दिंडं: तवा न चढवता पुरणाचा स्वयंपाक

पुरणपोळी जमत नाही म्हणून सणाला पुरण घालायचंच टाळणाऱ्या बऱ्याच जणी असतात, नवीन लग्न झालेल्या तर हमखास, आणि आता एकट्यानं राहणारी पोरंपण. त्यांना माझं एकच सांगणं, पोळीच्या नादाला आधी लागूच नका, नागपंचमीला दिंडं करा. पोळी लाटताना फुटते, पुरण तव्यावर सांडून करपतं, उलटताना अर्धी पोळी उलथण्याला चिकटून येते, दिंडात यातली एकही भानगड नाही. पुरी लाटा, मधे पुरण ठेवा, चारी बाजूनं दुमडा आणि वाफवा. झालं.

आमच्या सांगली-साताऱ्याकडं श्रावण शुद्ध पंचमीला शेतकरी नांगर धरत नाही, खणत नाही, आणि घरात बायका चिरत-कापत नाहीत, तळत नाहीत, तवा चुलीवर चढवत नाहीत. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं मेली त्या कहाणीवरून हे आलेलं. म्हणजे चपाती नाही, भाकरी नाही, भजी-कुरडया-पापड काय पण नाही (पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत). राहिलं काय तर उकडायचं आणि शिजवायचं, म्हणून दिंडं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, पण त्या दिवशी आमच्याकडच्या ताटात काय असतं ते विचारलं तर पुण्या-मुंबईचे लोक गप्प बसतात. काही घरांत यालाच करंजीसारखा आकार देऊन कानवले म्हणतात, चव तीच.

आता अर्धं काम आदल्या दिवशी, चतुर्थीलाच उरकायचं. त्या दिवशी बायकांचा भावाचा उपवास असतो, त्यामुळं चव घ्यायची पंचाईत, घरातल्या एखाद्या पोराला चमचा देऊन उभं करायचं. पुरण घालून ठेवा, आमटीचं वाटण वाटून ठेवा, कोथिंबीर निवडून ठेवा. आणि हो, मिक्सरला पातं असतं म्हणजे ते पण चिरणंच का, यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी उत्तर एकच, आदल्या दिवशी वाटा म्हणजे प्रश्नच नको.

साधारण चौदा-पंधरा दिंडांसाठी १ वाटी हरभऱ्याची डाळ लागते. धुऊन दीड-दोन तास भिजवा, मग कुकरमधे ४ वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून ४-५ शिट्ट्या. तेल घातलं की फेस शिट्टीतून बाहेर येत नाही. हळद अर्थातच आपली सांगलीची, २०१८ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तिला. डाळ बोटानं दाबली की पीठ झाली पाहिजे, कणी राहिली तर पुढं कितीही वाटा ती लागतेच. मग चाळणीत ओता आणि चांगली पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. खालचं पाणी म्हणजे येळवणी, ती फेकलीत तर सासूबाई घराबाहेर काढतील, तिचीच आमटी करायचीय.

सगळी गंमत इथं आहे. पोळीचं पुरण जरासं सैल असलं तरी चालून जातं, दिंडाचं नाही, कारण वाफेत ते अजून सैल होतं आणि मग दुमडलेल्या कडेतून बाहेर येतं. म्हणून डाळ कोरडी निथळलेली पाहिजे. त्यात पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ (आदल्या दिवशीच चिरायचा, आलं ना लक्षात), जाड बुडाच्या पातेल्यात, मंद गॅस. गूळ घातल्यावर सगळं एकदम पातळ होतं, घाबरू नका, हलवत रहा, आटत येतं. उलथणं मधोमध उभं केलं आणि ते न पडता उभं राहिलं की पुरण झालं. गूळ साधाच घ्या, चिक्कीचा नको, त्यानं पुरण चिवट होतं. बाजारात एकदम पिवळाधमक गूळ दिसला की लोक भुलतात, मी तरी जरा काळपट बघून घेते, पुरणाचा रंग गडद येतो पण चवीला खमंग. शेवटी वेलची, जायफळ आणि चिमूटभर सुंठ. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की हात मोडतो. पाटा-वरवंटा असेल आणि दंडात ताकद असेल तर पाट्यावर वाटा, तसं मऊ पुरण यंत्रातून येत नाही.

फ्रीजमधे ठेवलेलं पुरण सकाळी दगड होतं. तासभर आधी बाहेर काढा, तरी फुटतच असेल तर चमचाभर कोमट दूध शिंपडून मळून घ्या, चमचाभरच.

कणकेला पावणेदोन वाट्या गव्हाचं पीठ, मीठ, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. चपातीपेक्षा घट्ट मळा, वाफेनं ती आपोआप मऊ पडते. अर्धा तास झाकून ठेवा. मैदा घालू नका, चिकट होतात आणि गार झाल्यावर रबरासारखी लागतात.

लिंबापेक्षा लहान गोळी घेऊन तळहाताएवढी पुरी लाटा, कडा पातळ ठेवा कारण दुमडल्यावर तिथं दोन-तीन पदर येतात आणि जाड राहिल्या की कच्च्या लागतात. मधे पुरणाची चपटी चौकोनी वडी ठेवा, आधी समोरासमोरच्या दोन बाजू दुमडा, मग उरलेल्या दोन, कडेला पाण्याचं बोट लावून दाबा. पुरण भरायचा मोह होतो पण पुरी बंद होईल इतकंच.

मोदकपात्र नसलं तरी अडत नाही, पातेल्यावर बसणारी चाळण घ्या, पण तिला खाली हळदीचं पान घाला. श्रावणात आपल्याकडं हळदीची रानं हिरवीगार असतात, कुणाच्याही बांधावर मागितलं तर दोन पानं मिळतात, तीही आदल्या दिवशी आणायची आणि हातानं फाडून पसरायची. त्या वासाची दिंडं ज्यानं खाल्ली त्याला नुसती तेल लावलेल्या चाळणीतली आवडायची नाहीत. पान नाहीच मिळालं तर तेल लावा किंवा ओलं फडकं घाला. पाण्याला खळाखळा उकळी फुटल्यावरच चाळण ठेवायची, दिंडं एकमेकांना चिकटवून ठेवू नका, दुमडलेली बाजू खाली, आणि झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी वर टपकत नाही. १२ ते १५ मिनिटं. वरून तकाकी आली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की झाली. लगेच उचलू नका, दोन मिनिटं थांबा.

आमटीचं थोडक्यात. आदल्या दिवशी कांदा, सुकं खोबरं, लसूण, धणे, थोडे तीळ भाजून वाटलेलं असेल. सकाळी पातेल्यात तेल जरा सढळ, मोहरी-जिरं, हातानं मोडलेला कढीपत्ता, वाटण, कांदा-लसूण मसाला, तेल सुटेपर्यंत परतायचं, मग येळवणी, चिंचेचा कोळ, मीठ आणि चवीला दोन चमचे पुरण. चांगली उकळा, वर तर्री आली पाहिजे. काही कडक घरांत त्या दिवशी फोडणीसुद्धा घालत नाहीत, तिथं फोडणीचं तेल आदल्या रात्री करून ठेवतात. भाजीचा प्रश्न पडला तर वाघ्या घेवडा (पट्ट्यापट्ट्यांचा राजमा) भिजवून त्याची उसळ करा, चिरायचं कामच नाही, आणि कोरेगावचा असला तर सोन्याहून पिवळं.

नागाला दूध-लाह्या आणि दिंडाचा नैवेद्य दाखवला की मग पानं घ्या. दिंड गरम असतानाच मधोमध फोडून त्यात साजूक तूप सोडायचं, चमचाभर नाही, चांगलं भिजेल एवढं. म्हातारी माणसं दुधात कुस्करून खातात, ते पण करून बघा.

उरलेली दिंडं दुसऱ्या दिवशी, तव्यावरची बंदी उठल्यावर, तूप सोडून दोन्ही बाजूनं लालसर भाजा. आमच्या घरात काही जण त्यासाठीच मुद्दाम चार दिंडं जास्त करायला लावतात.