मोठी इच्छा वर्षानुवर्षं कशी सांभाळायची: बल्गेरियाच्या खेळाडूंकडून आणि कलाकारांकडून शिकलेलं

मी आमच्या तालुक्याच्या ग्राउंडवर पोरापोरींना उंच उडी शिकवतो, सकाळी सहा ते साडेसात, आणि दरवर्षी जिल्हा स्पर्धेच्या आधी कोणीतरी येऊन विचारतंच की सर, माझ्यात कॉन्फिडन्स नाहीये, तो कसा आणायचा. आधी मीपण सगळे सांगतात तेच सांगायचो, स्वतःवर विश्वास ठेव, डोळे मिट, बार क्लिअर झालाय असं बघ. त्याने काही होत नाही हे मला हळूहळू कळलं. मग उंच उडीमुळे बल्गेरियाची उंच उडीपटू स्टेफ्का कोस्टादिनोव्हाबद्दल वाचत गेलो, तिच्यावरून बल्गेरियातल्या बाकीच्या लोकांकडे वळलो, आणि तिथेच अडकलो. देश केवढासा, तर लोकसंख्या साधारण ६५ लाख, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मी. पण या लोकांच्या आयुष्यात एक गोष्ट मला परत परत दिसली, ती म्हणजे हवं ते मिळायला फार वेळ लागला आणि त्या मधल्या काळात रोज काय करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता मी पोरांना तेच शिकवतो. ज्यांना परीक्षा, नोकरी, गाणं, धंदा, कशातही लांबचा पल्ला गाठायचाय त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी आकडा आणि मेडल वेगळं करा

वहीचं एक पान घ्या, मधे रेघ मारा. डावीकडे तुमचा आकडा, उजवीकडे तुमचं मेडल. आकडा म्हणजे जो फक्त तुमच्या अंगातून निघतो, मेडल म्हणजे ज्यात दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो. बहुतेक मुलं दोन्ही एकाच रकान्यात लिहितात आणि मग सगळा गोंधळ होतो.

कोस्टादिनोव्हाचंच बघा. प्लोव्हदिव्ह शहरातली मुलगी, ३० ऑगस्ट १९८७ ला रोममध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २.०९ मीटर उडी मारली. हा रेकॉर्ड जवळपास ३७ वर्षं कोणाला मोडता आला नाही, जुलै २०२४ मध्ये युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिखने पॅरिसला २.१० मारली तेव्हा कुठे तो गेला. म्हणजे आकडा तिच्याकडे होता. पण पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची लुईस रिटर २.०३ वर जिंकली आणि जगात सगळ्यात उंच उडालेली बाई सिल्व्हर घेऊन घरी गेली. २.०३ ही तिच्या स्वतःच्या रेकॉर्डपेक्षा सहा सेंटीमीटर कमी उंची आहे हो! मग १९९२ ला बार्सिलोनात चौथी. रोमनंतर पाच वर्षं झाली तरी ऑलिंपिकचं सोनं नाहीच.

अशा वेळी माणूस एक तर म्हणतो की माझं नशीबच खराब, नाहीतर म्हणतो की मी मुळात तेवढी चांगली नव्हतेच. दोन्ही चूक. आकडा खरा होता आणि हारही खरी होती, दोन्ही आपापल्या रकान्यात ठेवायच्या. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला माहीत नाही, पण तिने काय केलं ते सगळ्या जगाने बघितलं. १९९५ मध्ये तिला मुलगा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गोथेनबर्गला पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि १९९६ ला अटलांटात, वयाच्या ३१ व्या वर्षी, २.०५ मारून ऑलिंपिक रेकॉर्डसकट सोनं घेतलं. रोम ते अटलांटा नऊ वर्षं. मी माझ्या पोरांना ही नऊ वर्षं बोटांवर मोजायला लावतो, कारण नुसतं ऐकून ती लांबी कळत नाही. सातवीतली मुलगी मोजते तेव्हा तिच्या लक्षात येतं की आपण तोपर्यंत कॉलेजही संपवलेलं असेल.

उंच उडीची अजून एक गंमत आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. या खेळात जिंकणाऱ्याचीही स्पर्धा बहुतेक वेळा बार पाडूनच संपते. कारण तुम्ही जिंकलात तरी बार वर जातच राहतो, तीनदा पडेपर्यंत. म्हणून रोजच्या वहीत मी एक ओळ सक्तीची केलीय, आज बार कुठे पडला आणि कशाने पडला. टाच लागली, रन-अपमधलं शेवटून दुसरं पाऊल लांब पडलं, जे असेल ते. "आज वाईट झालं" असं लिहिलेलं मी खोडायला लावतो. तुम्ही अभ्यास करत असाल तर तसंच लिहा, कुठला टॉपिक, कुठली स्टेप, किती वाजता डोकं चालेनासं झालं. महिनाभर हे केलं की ज्याला आपण कॉन्फिडन्स कॉन्फिडन्स म्हणतो ना, तो मागच्या दाराने येतो, कारण आता तुमच्याकडे पुरावा असतो.

परवानगी लागते ते आणि लागत नाही ते

हा भाग मला एका कलाकाराने शिकवला आणि तो मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. क्रिस्टो, बल्गेरियातल्या गाब्रोव्होमध्ये १९३५ ला जन्मला. सोफियात आर्टचं शिक्षण घेत असताना सरकार विद्यार्थ्यांना रेल्वेलाईनच्या कडेच्या शेतांवर पाठवायचं, गाडीतून जाणाऱ्या परदेशी प्रवाशांना ट्रॅक्टर आणि गवताच्या गंज्या व्यवस्थित मांडलेल्या दिसाव्यात म्हणून. १९५७ मध्ये प्रागहून मालगाडीत लपून तो व्हिएन्नाला पळाला. पुढे पॅरिसमध्ये जान-क्लॉद भेटली, दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५, आणि मग आयुष्यभर दोघांनी मिळून काम केलं.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध इच्छा म्हणजे बर्लिनची राइशटाग, म्हणजे जर्मन संसदेची जुनी इमारत, कापडात गुंडाळणे. ऐकायला वेडेपणा वाटतो. १९७१ ला कल्पना आली, मग १९७७ ला नकार, १९८१ ला नकार, १९८७ ला पुन्हा नकार. तरी ते एकेका खासदाराला भेटत राहिले, समजावत राहिले, शेवटी फेब्रुवारी १९९४ मध्ये जर्मन संसदेत यावर चक्क चर्चा होऊन मतदान झालं, चॅन्सेलर हेल्मुट कोल स्वतः विरोधात, आणि २९२ विरुद्ध २२३ ने परवानगी मिळाली. १९९५ च्या जूनमध्ये एक लाख चौरस मीटर चंदेरी कापडात ती इमारत उभी राहिली आणि सुमारे ५० लाख लोक बघून गेले. चोवीस वर्षांच्या खटपटीचं काम फक्त दोन आठवडे टिकलं, कारण तसंच ठरलेलं होतं.

आता यातून करायचं काय? क्रिस्टोने स्पॉन्सर घेतले नाहीत. प्रोजेक्टची स्केचेस आणि कोलाज तो स्वतः काढायचा, ते विकायचे आणि त्या पैशात प्रोजेक्ट करायचे. म्हणजे परवानगीसाठी फाइल कुठल्यातरी टेबलावर पडलेली असली तरी स्टुडिओतलं काम बंद नसायचं, कागदावर रोज काहीतरी होत असायचं, आणि त्याच कागदांनी घर आणि स्वप्न दोन्ही चालवली. म्हणून तुम्ही पण वहीत दोन याद्या करा. एकात ज्या गोष्टींना दुसऱ्याची परवानगी लागते, म्हणजे सिलेक्शन, अपॉइंटमेंट, लोन, रिझल्ट. दुसरीत ज्यांना लागत नाही. पहिल्या यादीतल्या गोष्टींसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस ठेवा, अर्ज, फोन, भेटीगाठी सगळं त्या दिवशी, आणि बाकीचे सहा दिवस दुसरी यादी. आमच्या एका मुलीचं सिलेक्शन हुकलं तेव्हा ती तीन आठवडे फक्त फोनकडे बघत बसली होती, नाव पुढच्या लिस्टमध्ये येतं का म्हणून, आणि त्या तीन आठवड्यांत तिची उडी चार सेंटीमीटरने उतरली. मला तेव्हा हे सांगता आलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

आणि सगळं होतंच असंही नाही. कोलोरॅडोतल्या नदीवर कापड पसरायचा प्रोजेक्ट क्रिस्टोने १९९२ पासून धरला होता, २०१७ मध्ये स्वतःहून सोडला. पंचवीस वर्षं घालवून सोडला. सोडणं हाही त्याचाच निर्णय होता, कोणी थकवून सोडायला लावलं असं नाही, हा फरक लक्षात ठेवा.

पहिलाच घाव बसला तर

१९९४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपआधी बल्गेरिया पाच वर्ल्ड कप खेळून आलं होतं, १६ मॅच, आणि एकही जिंकलेली नव्हती. पात्र सुद्धा कसे झाले, तर पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला एमिल कोस्टादिनोव्हने गोल केला म्हणून. आणि अमेरिकेत पोचल्यावर पहिल्याच मॅचला नायजेरियाकडून ३-० हार. इथे निम्मे लोक मनातून घरी परततात. यांनी पुढे ग्रीसला ४-०, अर्जेंटिनाला २-०, मेक्सिकोला पेनल्टीवर आणि क्वार्टर फायनलला जर्मनीला, जी तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन होती, २-१ ने हरवलं. त्या मॅचमध्ये एका गोलने मागे असताना ह्रिस्टो स्टॉइचकॉव्हने फ्रीकिकवर बरोबरी केली आणि तीनच मिनिटांनी लेचकॉव्हने डोक्याने मारला.

स्टॉइचकॉव्ह हा प्लोव्हदिव्हचाच. १९८५ च्या बल्गेरियन कप फायनलमध्ये मैदानात हाणामारी झाली, त्यात त्याच्यावर आधी आजन्म बंदी घातली होती, नंतर ती कमी झाली. एकोणीस वर्षांचा होता तो. नऊ वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये सहा गोल आणि युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर. रागीट तो शेवटपर्यंत होता आणि त्या रागाची किंमत त्याने मोजली, त्याचं अनुकरण करू नका. घ्यायचं ते एवढंच, की पहिली हार झाल्या झाल्या पुढच्या मॅचच्या तयारीतली एक छोटी गोष्ट त्याच संध्याकाळी करायची. शूज धुवा, बॅग भरा, पुढचा पेपर काढून ठेवा. चर्चा दुसऱ्या दिवशी. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मामा-काका त्याच रात्री पोस्टमॉर्टेम करायला बसतात.

दुसऱ्याचं टाइमटेबल उचलू नका

इथे मी थोडं कडक बोलणार आहे. बल्गेरिया म्हटलं की आपल्या जिमवाल्या पोरांना 'बल्गेरियन स्प्लिट स्क्वाट' हा पायांचा व्यायाम आठवतो आणि थोडे जास्त वाचलेल्यांना तिथला कोच इव्हान अबाजिएव्हची वेटलिफ्टिंगची पद्धत. दिवसातून अनेकदा, रोजच्या रोज, जवळपास पूर्ण ताकदीचं वजन. त्यातून भरपूर चॅम्पियन निघाले हे खरंय. पण १९८८ ला सोलमध्ये दोन बल्गेरियन लिफ्टर डोपिंगमध्ये सापडले, त्यांची सोनी काढून घेतली आणि बाकीची टीम स्पर्धेतून मागे घेतली गेली, हेही खरंय. आणि त्याच पद्धतीत घडलेला नैम सुलेमानोग्लू, बल्गेरियातल्या तुर्की समाजातला, त्याचं नावसुद्धा सरकारने बदललं होतं. १९८६ मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला असताना तो तिथूनच तुर्कस्तानला निघून गेला आणि सोलमध्ये ६० किलो गटात १९० किलो उचलून तुर्कस्तानसाठी सोनं घेतलं. जी व्यवस्था माणसाला स्वतःचं नाव ठेवू देत नाही तिच्यासाठी कोणी किती दिवस वजन उचलेल? म्हणून कोच, क्लास, कंपनी कोणतीही असो, तिथे तुमची झोप, दुखापत आणि "नाही" या तीन गोष्टी ऐकल्या जातात का ते पहिल्या महिन्यातच तपासा. ऐकल्या जात नसतील तर सोडा.

ब्रेकलाही घाबरू नका. त्स्वेताना पिरोन्कोव्हा, पुन्हा प्लोव्हदिव्ह, टेनिसमधून तीन वर्षं बाहेर होती, मधे बाळ झालं, आणि २०२० च्या यूएस ओपनला परत आली ती थेट क्वार्टर फायनलपर्यंत. तिथे सेरेना विल्यम्सविरुद्ध पहिला सेटही घेतला, मग हरली.

आणि कोणी तुम्हाला लहानपणीच दुसऱ्याचं नाव चिकटवलं, "प्रति अमुक", तर ते मनावर घेऊ नका. हास्कोव्होच्या टेनिसपटू ग्रिगोर दिमित्रोव्हला सगळे 'बेबी फेड', म्हणजे छोटा रॉजर फेडरर, म्हणायचे. त्याने २०१७ ला एटीपी फायनल्स ही वर्षअखेरची मोठी स्पर्धा जिंकली, जगात तिसऱ्या नंबरवर गेला, आणि २०१९ च्या यूएस ओपनला खऱ्या फेडररला पाच सेटमध्ये हरवलं, तेव्हा त्याचं रँकिंग ७८ होतं.

शेवटची वही

एक पान रिकामं ठेवा, ज्याचं फळ कधी दिसेल हे माहीत नाही अशा कामासाठी. बल्गेरियाच्या रोडोपे डोंगरातली वाल्या बाल्कान्स्का, तिथल्या खालच्या सुराच्या काबा गायदा या पिशवीतल्या हवेवर वाजणाऱ्या वाद्याच्या साथीने लोकगीतं गाणारी बाई. तिचं एक गाणं १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर या दोन अवकाशयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेलं. त्याच तबकडीत आपल्या गोव्यातल्या केरीच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दुसरं यान निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. दोघीही अवकाशात जायचं म्हणून गायल्या नव्हत्या, त्या दिवशी समोर माईक होता आणि सूर नीट लागला पाहिजे एवढंच. आमच्या ग्राउंडवर पावसाळ्यात मॅट भिजते, उडी होत नाही, तेव्हा मी पोरांना ही दोन्ही गाणी मोबाइलवर ऐकवतो आणि मग आम्ही पायऱ्यांवर घोट्याचे व्यायाम करतो.