मोत्याचे घसरणारे पाय

आमचा कुत्रा मोत्या १४ वर्षांचा. जळगावच्या उन्हाळ्यात दुपारभर गुळगुळीत फरशीवर पडून असतो, पण उठताना मागचे पाय फाकायचे. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी सांधे तपासले आणि म्हणाले, आधी तळवे बघा. बघितलं तर पंजाच्या मऊ गाद्यांमधले केस वाढून लोकरीसारखे गच्च झालेले. चालणं कमी झाल्यानं नखंही न झिजता वळलेली.

केस बोथट टोकाच्या कात्रीनं गादीबरोबर कापले. नखांना मात्र घाई केली. काळ्या नखातली शीर दिसत नाही. ती कापली गेली, मोत्या कळवळला. मक्याचं पीठ दाबून धरल्यावर रक्त थांबलं, पण जीव तुटला माझा. आता दर आठवड्याला तांदळाच्या कणीएवढंच कापतो. कापल्या जागी मधोमध काळा ठिपका दिसला की थांबायचं. तोवर आई त्याला भाकरीचे तुकडे भरवते. असं थोडं थोडं कापत गेलं की आतली शीरही मागे सरकते.

आंघोळ कोमट पाण्यानं, कुत्र्यांच्याच शाम्पूनं. उठायच्या जागी जुनी गोधडी.

काल पहाटे तो एका दमात उठला आणि थेट ओसरीपर्यंत गेला.