इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा? आधी क्रियापद शोधा

'वाचताना जिथे श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम द्या' हा सल्ला विसरा. श्वास ज्याचा त्याचा वेगळा. स्वल्पविराम ठरतो वाक्याच्या रचनेवरून. यादीतल्या वस्तू वेगळ्या दाखवण्यापुरता तो सोपा आहे. खरी गल्लत दोन वाक्ये जोडताना होते.

१. काळ दाखवणारे क्रियापद शोधा.

बहुतेकांचे गाडे इथेच अडते. 'आयएनजी' दिसले की लगेच त्याखाली रेघ ओढली जाते. 'द बॉय प्लेइंग इन द रेन इज माय कझिन' हे वाक्य भूतकाळात नेऊन पाहा. 'इज'चे 'वॉज' झाले, 'प्लेइंग' मात्र जागचे हलले नाही. म्हणजे वाक्याचे क्रियापद 'इज'. 'टू गो', 'टू रीड' ही 'टू' लागलेली रूपेही अशीच अचल असतात, तीही सोडा. 'कट', 'पुट' यांचे भूतकाळी रूप बदलत नाही. तिथे त्या शब्दाच्या आधी 'विल' बसतो का ते तपासा. 'कॅन', 'मस्ट' दिसले तर शोध तिथेच संपला. ही पायरी कच्ची ठेवून पुढचे नियम पाठ करण्यात काहीच अर्थ नाही, कारण ते सगळे क्रियापदांच्या मोजणीवर उभे आहेत.

२. 'कोण?' किंवा 'काय?' विचारून कर्ता काढा. आज्ञार्थी वाक्यात 'यू' लपलेला असतो.

३. कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजा.

एकच जोडी असेल तर त्या दोघांच्या मध्ये एकटा स्वल्पविराम नको, कर्ता ओळभर लांब असला तरी.

४. दोन जोड्या असतील तर जोडणारा शब्द पाहा.

'इट वॉज लेट, वी वेन्ट होम' हे चूक. मराठीत 'उशीर झाला होता, आम्ही घरी गेलो' खपून जाते, म्हणून ही चूक कानाला टोचतच नाही. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे 'सो' लिहा. असे काम करणारी उभयान्वयी अव्यये सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' त्यांत नाहीत; दोन वाक्यांच्या मध्ये ते आले तर आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो.

कर्ता पुन्हा आलाच नसेल, तर 'अँड'आधी स्वल्पविराम नको: 'शी ओपन्ड द डोअर अँड वेन्ट इन'.

५. 'बिकॉज', 'व्हेन', 'इफ', 'ऑल्दो' यांनी सुरू होणारा भाग आधी आला तर त्याच्या शेवटी स्वल्पविराम. नंतर आला तर सहसा नाही. 'ऑल्दो'आधी मात्र बरेचदा देतात.

'जरी... तरी'च्या सवयीने 'ऑल्दो' लिहिल्यावर पुढे 'बट' हमखास येतो. 'ऑल्दो इट रेन्ड, वी वेन्ट आउट' बरोबर, 'इट रेन्ड, बट वी वेन्ट आउट' हेही बरोबर. एका वाक्यात दोन्ही नकोत.