मत द्या, पण का ते सांगा : गावच्या वाचनालयात आजच्या कवितांचं मतदान कसं घ्यायचं

आवडत्या कवितेचं मतदान घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो नंबर कोणाचा आला याचा. नंबर लागतो, तो लावायचाच, पण तुम्ही हे सगळं ज्यासाठी करताय ते चिठ्ठीच्या खालच्या भागात असतं, जिथं माणसानं लिहिलेलं असतं की मला हीच कविता का. म्हणून पहिला नियम आधीच फळ्यावर लिहून टाका : कारण नसलेलं मत मोजलं जाणार नाही. यावर थोडी कुरकुर होते, होऊ द्या, हा नियम सोडला तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

आधी दिवस ठरवा, अन् ते शेतीकडं बघून ठरवा. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो म्हणून सगळे कार्यक्रम त्याच दिवशी उरकायची सवय आहे, पण त्या वेळी हरभरा सोंगायला आलेला असतो, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, मग सभेला येतात ते नेहमीचेच दहा-बारा लोक अन् ज्यांच्याबद्दल अर्ध्या कविता लिहिलेल्या असतात ते वावरात. त्यापेक्षा 27 ला फक्त घोषणा करा, कवितांची यादी लावा, मार्चभर लोकांना त्या वाचू द्या अन् वाचन-मतदान एप्रिलमध्ये संध्याकाळी घ्या. 15 एप्रिलला सुरेश भटांचा जन्मदिवस असतो, ते अमरावतीचे, जन्म 1932 चा, तो दिवस मोजणीला फार छान, अन् आदल्या दिवशी 14 एप्रिल असल्यानं बाहेरगावी असलेली बरीच पोरंही गावात आलेली असतात. झाडीपट्टीत मात्र हे जमत नाही, गोंदिया-गडचिरोलीकडं एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात अन् मेमध्ये तेंदूपत्ता असतो, रात्री जागायची ताकद कोणात उरत नाही. तिकडच्यांनी धान निघाल्यावर, मंडई (म्हणजे तिकडची जत्रा) अन् नाटकाच्या रात्री सोडून, मधली एखादी संध्याकाळ धरावी.

आता "आजची कविता" म्हणजे कोणती हे आधी ठरवून घ्या, नाहीतर शेवटपर्यंत भांडण चालतं. मला सोपा नियम आवडतो : 2000 नंतर पुस्तकात किंवा दिवाळी अंकात पहिल्यांदा छापलेली. कवी हयात असावा अशी अट काही जण घालतात, पण मग ग्रेससारख्या कवीचं काय करायचं, ते 2012 ला गेले, त्यांनी 2000 नंतर लिहिलेलं आजचं नाही म्हणायचं का? तारखेचा नियम बरा, त्यात वाद कमी. याच नियमानं भटांच्या गाजलेल्या गझला बाहेर राहतात अन् कोणीतरी उठून विचारणारच की भटांच्या जन्मदिवशी भटच नाहीत असं कसं. त्यांना सांगा की मोजणी संपल्यावर भटांच्या गझला म्हणायचा वेगळा तास ठेवलाय, अन् खरंच ठेवा.

यादी वीसच्या वर नेऊ नका. वीस कविता म्हणजे चार संध्याकाळी रोज पाच, एवढंच माणूस नीट ऐकू शकतो. कविता आणायच्या कुठून, तर तुमचं वाचनालय ड म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं का असेना, कपाटात वाचनालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून आलेले कवितासंग्रह असतातच अन् त्यातल्या बऱ्याच पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतात, तिथून सुरुवात करा. मग जुने दिवाळी अंक, विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी'चे अंक, जिल्ह्याच्या ग्रंथालयातली पुस्तकं. विदर्भातले कवी घ्या म्हणजे फक्त विदर्भातले घ्या असं नाही, पण आपल्या भागातला कवी आपल्याच गावात कोणी वाचलेला नसतो ही गोष्ट मला फार लागते. वसंत आबाजी डहाके यवतमाळ जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, त्यांना 2009 चा साहित्य अकादमी पुरस्कार कवितेसाठी मिळालाय, अन् शेजारच्या तालुक्यात विचारलं तर नाव माहीत असलेला सापडायला वेळ लागतो. शहरातली, मुंबईची, मराठवाड्याची, खान्देशची कविताही ठेवा, गझल ठेवा, मुक्तछंद ठेवा, बायांनी लिहिलेल्या निम्म्या ठेवा, वऱ्हाडीतल्या ठेवा, एक-दोन अवघड पण ठेवा ज्या पहिल्यांदा कळणारच नाहीत. एका कवीची एकच कविता घ्या. एकाच्या तीन घेतल्या तर त्याला मानणाऱ्यांची मतं तीन ठिकाणी फाटतात अन् तिन्ही मागं पडतात.

एक गोष्ट मी कधीच सोडणार नाही, ती म्हणजे कवीचं नाव झाकायचं. फलकावर कविता नंबरानं लावा, 1 ते 20, नाव मोजणीनंतर. गावात नाव दिसलं की तालुका दिसतो, जात दिसते, पक्ष दिसतो, कोणाचा मामेभाऊ आहे ते दिसतं अन् कविता वाचायच्या आधीच मत ठरतं. ओळखीची कविता लोक ओळखतातच, ते चालतं. पण गावातल्या स्वतः लिहिणाऱ्यांच्या कविता या यादीत घेऊ नका, त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा, नाहीतर मतदानाचं रूपांतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होतं.

कविता मोठ्या अक्षरात लिहून लावायच्या असतील किंवा झेरॉक्स वाटायच्या असतील तर कवीला विचारा. हयात कवीच्या कवितेवर त्याचा हक्क असतो, कवी गेल्यानंतरही 60 वर्षं तो वारसांकडं राहतो, कायदाच आहे 1957 चा. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या सुरुवातीला असतो, तिथून कवीपर्यंत पोचता येतं. फोन केला की बहुतेक कवी आनंदानं हो म्हणतात, आपली कविता एका खेड्यात वाचली जाणार हे ऐकून त्यांना बरं वाटतं.

वाचनाबद्दल : प्रत्येक कविता दोनदा वाचा, दोन वेगळ्या आवाजात, एकदा बाईच्या अन् एकदा पुरुषाच्या. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी मधे अर्थ सांगायचा नाही. हे फार अवघड जातं, शिक्षक माणूस असला की त्याच्या तोंडून रसग्रहण निघतंच, पण एकदा सरांनी सांगितलं की या ओळीत कवीला अमुक म्हणायचंय, की मग सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच वाक्य येतं. अवघड शब्द विचारला तर शब्दाचा अर्थ सांगा, ओळीचा नको. माइक असला तरी लाइन जाईल असं धरूनच चाला, वाचणारा असा निवडा ज्याचा आवाज पारावर शेवटच्या माणसापर्यंत जातो.

मत कसं द्यायचं तर प्रत्येकाला तीन पसंती. पहिल्या कवितेला 3 गुण, दुसरीला 2, तिसरीला 1. एकच मत ठेवलं तर काय होतं बघा : समजा 30 जण आहेत, एका कवितेला 12 जणांनी पहिली पसंती दिली अन् बाकी कोणी तिला हातच लावला नाही. दुसरीला पहिली पसंती 10 जणांची, पण आणखी 15 जणांनी तिला दुसरी दिली. एकच मत मोजलं तर 12 वाली जिंकते. गुण मोजले तर तिला 36 अन् दुसरीला 30 अधिक 30 म्हणजे 60. गावाला कोणती कविता आवडली असं विचाराल तर मी दुसरीच म्हणेन. अन् बारा जणांना इतकी घट्ट आवडलेली पहिलीही महत्त्वाची आहे, तिच्या चिठ्ठ्या वेगळ्या वाचा, बहुतेक वेळा सगळ्यात चांगली कारणं तिथंच सापडतात.

आता कारणाकडं येऊ. "छान आहे", "मनाला भिडली", "हृदयस्पर्शी", "वास्तववादी" ही कारणं नाहीत, हे शब्द कुठल्याही कवितेला चिकटवता येतात. ज्यांना सुचत नाही त्यांना तीन प्रश्न विचारा. कोणत्या ओळीवर थांबलात? ती ओळ काढून टाकली तर काय कमी होईल? ही कविता तुम्ही कोणाला वाचून दाखवाल अन् का त्यालाच? पहिला प्रश्न पुरेसा असतो बहुतेक वेळा, माणूस ओळीवर बोट ठेवतो अन् मग आपोआप बोलायला लागतो.

कापूस वेचणीवरच्या एका कवितेला मत देताना आमच्याकडच्या एका मावशीनं सांगितलेलं कारण मी अजून लोकांना ऐकवतो. पऱ्हाटीचं बोंड वाळलं की त्याची टोकं बोटाला लागतात, चिरा पडतात, अन् रात्री तिखट कालवताना ते झोंबतं हे वेचणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कवितेत चिरांचा उल्लेखच नव्हता. मावशी म्हणाली, "कवीनं चीर लिहिली नाई, पण बाई भाकर थापताना एक बोट वरतं धरते असं लिहिलं ना, म्हंजे त्याले मालूम हाय." टीकेच्या पुस्तकात याहून नेमकं मी वाचलेलं नाही. अन् तिच्या शेजारीच पुण्याकडं कंपनीत कामाला असलेल्या पोरानं वेगळ्याच कवितेला पहिली पसंती दिली होती, त्यात आईचा फोन येतो अन् मुलगा "जेवलो" म्हणतो एवढंच आहे, त्यानं चिठ्ठीवर लिहिलं होतं की मी पण रोज हेच म्हणतो अन् जेवलो की नाही ते कवितेत सांगितलं नाही हे बरं केलं.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी कॉलेजातली दोन-तीन पोरं बसवा, त्यांनी ऐकून लिहून घ्यायचं, जसं बोलले तसंच. "मले"चं "मला" करायचं नाही, "हाय"चं "आहे" करायचं नाही, अर्धवट वाक्य पूर्ण करायचं नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं तर आणखी चांगलं, विचारून. बायांसाठी दुपारची एक वेळ वेगळी ठेवा, बचत गटाची मीटिंग असते तिथंच जाऊन कविता वाचा, रात्रीच्या सभेत त्या मागं बसतात अन् बोलत नाहीत. शेतात राबणाऱ्यांना साहित्यातलं काय कळतं असं म्हणणारा एखादा भेटतोच, त्याला सांगायचं की 2019 ला यवतमाळच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं उद्घाटन जिल्ह्यातल्याच एका शेतकरी महिलेनं केलंय. व्हॉट्सॲपवरून मत घ्यायचं असेल तर फक्त व्हॉइस मेसेज घ्या, टाइप केलेलं घेतलं की एकाचं कारण दहा जण फॉरवर्ड करतात.

मोजणी सगळ्यांसमोर, फळ्यावर. एकानं चिठ्ठी उघडायची, आधी कारण वाचायचं अन् मग कवितेचा नंबर सांगायचा, हा क्रम उलटा करू नका. कारण आधी ऐकलं की लोक कान देऊन बसतात, ही कोणत्या कवितेबद्दल असेल याचा अंदाज बांधतात, अन् नंबर ऐकल्यावर कधी कधी आपलंच मत बदलावंसं वाटतं म्हणतात. चिठ्ठी देणाऱ्याचं नाव त्याची हरकत नसेल तरच वाचा, विशेषतः घरातलं काही लिहिलेलं असेल तेव्हा. बरोबरी झाली तर दोन्ही पहिल्या, चिठ्ठी टाकून ठरवायची गरज नाही. शेवटी कवींची नावं सांगा अन् प्रत्येकाचं पुस्तक कपाटात कुठं आहे तेही लगेच सांगा, त्या रात्री पुस्तकं नेली जातात.

चिठ्ठ्या फेकू नका. एका जाड वहीत कवितेच्या नंबरानुसार चिकटवा अन् ती वही वाचनालयातच ठेवा, बाहेर द्यायची नाही. प्रत्येक कवीला त्याच्या कवितेबद्दलची सगळी कारणं पोस्टानं पाठवा, शेवटच्या नंबरच्या कवीलाही, निकालाचा नंबर कळवला नाही तरी चालेल. पाकिटावर वाचनालयाचा पत्ता पिनकोडसकट लिहा, कवी उत्तर देतात.